बंद तलावातला ढग

धाकट्याला यात काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून त्याच्या भोळेपणाबद्दल कुणी उसासे टाकायला नकोत. त्याला मिळणार होतं भरलेलं सभागृह. चाळिशीला टेकलेला चित्रकार, ज्याच्या प्रदर्शनाला आजवर नातेवाईक आणि पाऊस थांबायची वाट पाहणारे लोक एवढेच येत, त्याला हे काही कमी नव्हतं. गॅलरीवाल्याला मिळणार होता नवा धंदा, कारण जुना बसला होता. जमणाऱ्या लोकांना मिळणार होतं आपलं गेलेलं माणूस, निदान दहा-बारा सेकंद तरी. आणि आईला, म्हणजे खुद्द धाकट्याच्या आईला, मिळणार होते बाबा.

एवढ्या सगळ्यांचं भलं होणार म्हटल्यावर नुकसान कुणाचं, हा प्रश्न कुणाला पडणार? धाकट्याच्या ताईला पडला. पण तिलाही जरा उशिराच.

त्या रविवारी सकाळी तलावाच्या इमारतीबाहेर कोपऱ्यापर्यंत रांग होती. शहरातला हा छपराखालचा पोहण्याचा तलाव कधीचाच बंद पडलेला. आत पांढऱ्या फरश्या, वर उंच काचेचं छप्पर, भिंतीवर खोलीचे आकडे अजून निळ्या रंगात तसेच. तलाव रिकामा, तळाला फक्त बोटभर पाणी. काठाच्या पायऱ्यांवर लोक दाटीवाटीने बसलेले, अनवाणी, कुडकुडत, आणि एकमेकांना गप्प बसायला सांगण्यासाठी भरपूर बोलत.

ताई आईला न्यायला आली होती. आई गेले काही दिवस खोकत होती, आणि ताई छातीच्या विकारांची डॉक्टर. घरचा खोकला बाहेर हिंडतोय हे तिला बरं दिसेना. पण आई पहिल्या पायरीवर ऐसपैस बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

"बस की जरा," आई म्हणाली. "भावाचं काम एवढं नावारूपाला आलंय, तुला मेलं कौतुकच नाही."

मग गॅलरीवाला पुढे आला. पांढरा सदरा, हात पोटावर बांधलेले, आवाज असा की मध घशातच साठवून ठेवलेला असावा.

"आप्तजनहो, ही जागा रिकामी नाही. इथे अनुपस्थिती उपस्थित आहे. देह म्हणजे काय? बाष्प. बाष्प म्हणजे काय? प्रवास. जो विरतो, तोच उरतो."

लोकांनी माना डोलावल्या. ताईला मात्र वाक्य ओळखीचं वाटलं. धाकट्याच्या जुन्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत याच गॅलरीवाल्याने ते शब्दशः छापलं होतं. तेव्हा त्याला कलासमीक्षा म्हणत आणि कुणी वाचत नसे.

"नियम तेवढे पाळा," तो पुढे म्हणाला. "हलायचं नाही. बोलायचं नाही. दार उघडायचं नाही. ज्याच्या मनात शंका आहे त्याने बाहेर थांबावं. शंकेचाही वारा असतो, आणि त्या वाऱ्याने येणारा वाटेतून परत जातो."

उडी मारायच्या उंच फळीखाली काळा पडदा होता. त्याच्या आडोशाला धाकटा उभा. त्याने मान किंचित झुकवली, आणि तलावाच्या मधोमध, पाण्याच्या वर पुरुषभर उंचीवर, एक ढग उमलला.

खरंच उमलला, यात लबाडी नाही. मुठीएवढा होता तो गाडीएवढा झाला, काचेतून तिरप्या पडणाऱ्या उन्हात कडेने उजळला आणि आतून निळसर झाला. त्याला जायचं कुठेच नव्हतं. तो नुसता होता. अख्ख्या सभागृहाने श्वास रोखून धरला.

आणि तेव्हा वास आला. शिलाई मशीनच्या तेलाचा.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. आयुष्यभर. त्यांच्या बोटांना, बाह्यांना, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही केली तर त्या सहीलासुद्धा हाच वास असायचा. ताईचे डोळे भरून आले. वीस वर्षं माणसांच्या छात्या ऐकणारी बाई, पण त्या घटकेला ती फक्त बाबांची पोर होती.

"आले," आई पुटपुटली.

"श्वासात घ्या," गॅलरीवाला हलकेच म्हणाला. "खोल घ्या. त्यांना आत जागा द्या."

पाळी आईची होती; ती तलावाच्या पायऱ्या उतरून ढगात शिरली आणि तहानलेल्या माणसाने ओंजळ लावावी तसा तिने श्वास घेतला. पुन्हा घेतला. ढग फाटला, विरला. मागे ओली फरशी आणि खोकणारी आई.

घरी येताना ताईला बरंच काही सुचलं, पण ती बोलली नाही. कारण ढग कसा होतो हे तिला ठाऊक होतं, तिनेच तर धाकट्याला समजावून दिलं होतं. तीन वर्षांपूर्वी तो कागदावर गोल काढत तिच्याकडे आला होता. "ताई, मला खोलीत ढग करायचाय. क्षणभर टिकेल आणि जाईल. कुणाला विकत घेता येणार नाही, घरी नेता येणार नाही." तिला ती कल्पना फार आवडली होती. मग दोघांनी मिळून गंमत केली होती: खोली गार हवी, हवा दमट हवी, फरशी ओली हवी, दारं बंद, पंखा बंद, माणसांची हालचाल कमी. नाटकात धुकं सोडतात त्या यंत्राचा एक झोत त्या हवेत सोडला की तो पसरत नाही, गोळा होऊन लटकतो. जिन्यात, रिकाम्या गोदामात, पाडायला काढलेल्या शाळेच्या वर्गात त्याने असे ढग केले, फोटो काढले. सुंदर होते ते. पाहायला आलं कोण? आई, ताई, आणि गॅलरीचा चहावाला.

मग एका प्रदर्शनात एक विधवा बाई ढगापुढे उभी राहून रडायला लागली. म्हणाली, "हे आमचे मालक." धाकट्याने त्या वेळी "नाही हो, हे धुकं आहे" असं म्हणायला हवं होतं. तो गप्प राहिला. गॅलरीवाला गप्प राहणारा नव्हता.

पुढचं सगळं त्यानेच बसवलं. अनवाणी या, म्हणजे बुटांची धूळ नको. हलू नका, म्हणजे वारा नको. दार उघडू नका, म्हणजे गारवा टिकतो. यंत्राची एकेक अट त्याने उचलली आणि भक्तीचा नियम करून लोकांच्या गळ्यात घातली. उद्या वीज गेली असती तर त्याने मौनव्रताचीही काहीतरी सोय केली असती.

वासाचं कोडंही अवघड नव्हतं. नाव नोंदवताना आदल्या दिवशी "आठवणीची वस्तू" आणून द्यावी लागे. कुणी शाल आणली, चष्मा आणला, तर गॅलरीवाला प्रेमाने परत करी. "कापड मुकं असतं हो. त्यांनी अंगाला लावलेलं काही असेल तर द्या. तेल, अत्तर. ते बोलतं." बोलणारच. शाल यंत्रात ओतता येत नाही.

हे सगळं ताईला त्या वाटेवरच उमगलं. तरी ती गप्प बसली. आई त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपली होती. कुणाचं काय बिघडतंय, असं शहाणी माणसं स्वतःला जे सांगतात, तेच तिनेही सांगितलं.

बिघडलं होतं ते तिच्याच दवाखान्यात रांगेने येऊन बसलं. आधी एक शिंपी आला. बिडी नाही, सिगारेट नाही, तरी दम लागतो. मग एक निवृत्त बाई, मग आणखी एक. एक्स-रेत फुप्फुसांच्या तळाशी पांढुरकं सावट, पण ताप नाही, जंतू सापडेनात. औषधं चालेनात. ताईने थुंकी पुन्हा तपासायला पाठवली तर प्रयोगशाळेतून फोन आला, "मॅडम, पेशींच्या आत तेल आहे. खायचं तेल श्वासात गेल्यासारखं."

तिने शिंप्याला बोलावून विचारलं, "नाकात तेल घालता का?"

"छे."

"मग झोपताना छातीला, तोंडात, कुठे?"

शिंपी जरा लाजला. "मॅडम, तुम्ही हसाल. दर रविवारी मी आमच्या हिला श्वासात घेतो. तलावावर. तिच्या केसांच्या तेलाचा वास येतो हो, अगदी तोच."

ताई हसली नाही. तिने त्याच दुपारी आईचा एक्स-रे काढला. तेच सावट. शिंप्यापेक्षा दाट. कारण शिंपी रविवारी जात होता, आणि आईला मुलगा हवं तेव्हा आत सोडत होता.

ती तडक तलावावर गेली. कपडे बदलायच्या खोल्यांपैकी एका खोलीत धाकटा यंत्र पुसत होता. फळीवर बाटल्यांची रांग. आणि कडेला बाबांची कुप्पी, लांब चोचीची, अंगठ्याने दाबून दाबून तळाला खळगा पडलेली. ती हरवली असं घरात सगळे समजत होते.

"हे काय आहे?"

"वास. फक्त वास, ताई."

"तेल आहे ते."

"दोन थेंब टाकतो. जास्त नाही."

"हे यंत्र घेतलंस तेव्हा मला विचारायला आला होतास. मी काय सांगितलं होतं?"

तो यंत्र पुसत राहिला.

"बोल ना."

"पाणी चालेल, तेल कधीच नाही," तो खाली पाहत म्हणाला. "एकदा आत गेलं की फुप्फुसाला ते बाहेर काढता येत नाही."

"पाठ आहे की. मला वाटलं विसरलास. विसरला असतास तर बरं झालं असतं."

"मी कधी म्हटलं का बाबा येतात म्हणून? लोक म्हणतात. मी ढग करतो, बस."

"आणि आईने विचारलं तेव्हा काय म्हणालास?"

त्याने फडकं खाली ठेवलं. "तिला बरं वाटलं गं. तुझ्या गोळ्यांनी वाटलं नव्हतं तेवढं."

ताईने त्याला आईचा एक्स-रे दाखवला. तो पाहून त्याचा चेहरा पडला. खराच पडला, असं तिला वाटलं. तेल बंद करतो म्हणाला, आईला इथे येऊ देणार नाही म्हणाला, गॅलरीवाल्याशी बोलतो म्हणाला. ताईने विश्वास ठेवला. लहानपणी तो खोटं बोलताना डोळे मिचकवायचा, आणि आज मिचकवले नव्हते. सरावाने ती खोड जाते, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात आईला स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. ताई तिची वेणी घालायला बसली आणि तिच्या केसांना मशीनच्या तेलाचा वास आला.

"आई, तलावावर गेली होतीस?"

"तो म्हणाला, ताईला सांगू नको. तू चिडतेस."

ताईने वेणी पुरी घातली, रिबिनीची गाठ मारली, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. यंत्राने फसवलं असतं, बुवाने फसवलं असतं तर ती चिडली असती. हा तिच्या हाताला धरून रस्ता ओलांडलेला भाऊ होता. चिडायलाही अंगात बळ लागतं.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातल्या सिस्टरला सगळं सांगितलं. सिस्टर म्हणजे बारा गावचं पाणी प्यायलेली बाई. "तुम्ही एकट्या बोललात तर म्हणतील भावाशी भांडण आहे," ती म्हणाली. "माझ्यावर सोडा. आमच्या ह्यांचं गुडघ्याचं तेल आहे घरी, वासाने भिंतीचे पोपडे निघतात. ते देऊन येते."

"पण तुमचे हे तर..."

"आहेत की. ठणठणीत. तेच तर."

सिस्टर बाटली देऊन आली. गॅलरीवाल्याने फक्त विचारलं, "नातं?" ती म्हणाली, "मालक." त्याने डोळे मिटून मोठा उसासा टाकला. पुढची चौकशी करण्याइतका तो उद्धट नव्हता.

रविवारी सभागृह नेहमीसारखं गच्च. पहिल्या पायरीवर आई. तिला धाकट्यानेच हाताला धरून आणलं होतं, उशी देऊन बसवलं होतं. ताईला पाहून त्याने नजर वळवली. सिस्टर पदर सावरून मधोमध बसली होती, आणि तिसऱ्या पायरीवर तिचा नवरा, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, अनवाणी पाय एकमेकांवर घासत.

ढग आला. गुडघ्याच्या तेलाचा झणझणीत वास सगळीकडे पसरला. दोघा-तिघांना शिंका आल्या.

"ओळखलंत ना?" गॅलरीवाल्याचा आवाज ओला झाला. "ते म्हणताहेत, काळजी करू नकोस. वेदना संपल्या."

"कुठे संपल्या?" ड्रायव्हर म्हणाला. "तीन दिवस गुडघा ठणकतोय. तेल तुमच्याकडे अडकलंय ना."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आपण कोण?" गॅलरीवाल्याने विचारलं.

"ज्याला तुम्ही आत्ता बोलावलंत तो. बाईंचा मालक. म्हणजे घरात तसं कुणी मानत नाही, पण आहे."

गॅलरीवाला एवढ्याने आडवा होणारा नव्हता. "जिवंतपणीही आत्मा प्रवास करतो," तो म्हणाला.

"मग भाडं कोण देतंय?" सिस्टरने विचारलं.

ताई उठली, फळीखालचा काळा पडदा तिने बाजूला सारला. यंत्र सगळ्यांना दिसलं. धाकटा त्याच्याशेजारी उभा होता, त्याने तिला अडवलं नाही. तिने टाकी ओतून टाकली, धुतली, बाजारात मिळतं तसं साधं धुक्याचं द्रावण भरलं आणि कळ दाबली. तसाच ढग आला. तसाच सुंदर, कडेने उजळलेला.

"हा कुणाचा आहे?" तिने विचारलं. "कुणाचा नाही. वासही नाही, बघा. हवा गार आहे, ओली आहे, तुम्ही न हलता बसला आहात, म्हणून तो टिकलाय. कुणीतरी दार उघडा."

दार उघडलं. ढग मोडला.

"यंत्र असेल हे आम्हाला काय कळत नव्हतं?" मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "पण वास खरा होता. आणि आम्हाला बरं वाटत होतं, त्यात तुमचं काय गेलं?"

ताईने आतून बाटल्या आणल्या आणि तलावाच्या काठावर एकेक करून मांडल्या. "वास खराच होता. तुम्हीच आणून दिलेला. तुमच्या माणसांनी हे तेल केसांना लावलं, अंगाला चोळलं, त्यांना काही झालं नाही. तुम्ही ते श्वासात घेतलंत. ते आता तुमच्या छातीत आहे आणि आपणहून बाहेर येणार नाही. ज्यांना खोकला आहे त्यांनी उद्या दवाखान्यात या. लाजू नका. फसलेल्याने कशाला लाजायचं?"

आरडाओरडा झाला नाही. लोक एकेक करून खाली आले, आपापली बाटली ओळखून उचलली, आणि चपला शोधायला निघाले. शिंप्याने त्याची बाटली दोन्ही हातांत धरली होती. दारातल्या गर्दीत गॅलरीवाला कधी मिसळला ते कुणी पाहिलं नाही.

शेवटी काठावर कुप्पी उरली.

आईने ती घेतली, चोचीवरून बोट फिरवलं. "ही माझ्या कपाटात होती," ती धाकट्याला म्हणाली. बोलताना तिला मध्ये थांबावं लागत होतं. "तू काढलीस?"

"हो."

"मी ढगाला विचारलं नव्हतं रे. ढगाला काय कळतंय. मी तुला विचारलं होतं, खरंच ते आहेत का? तू म्हणालास, हो आई."

"तुला बरं वाटावं म्हणून..."

"वाटलं ना. म्हणूनच तर परत परत आले."

तिने कुप्पी ताईच्या हातात दिली आणि पायऱ्या चढायला आधारासाठी हात पुढे केला. तो हात धरायला धाकटाही पुढे सरसावला होता. आईने ताईचा धरला.

ढग बघायला हरकत नाही. बंद इमारतीत, उन्हाच्या तिरीपेत, कुणाचाही नसलेला ढग क्षणभर लटकतो हे पाहण्यासारखंच आहे, आणि धाकट्याने एवढंच केलं असतं तर त्याचे उपकार मानले असते. पण कुणी ढगाला तुमच्या माणसाचं नाव दिलं, तर पडद्यामागे काय आहे ते विचारा. शंका घेऊ नका असं जो सांगतो त्याच्याकडे दुप्पट शंकेने बघा. आणि सांगणारा आपला असला, रक्ताचा असला, तर जास्तच विचारा. परका फार तर आपल्या आशेवर हात मारतो. आपल्याला कोणत्या वासाने रडू येतं, ते घरच्यालाच माहीत असतं.

आता याची किंमत कुणी किती भरली ते. गॅलरीवाल्याने काही भरलं नाही. तो दुसऱ्या शहरात आहे, तिथे त्याला आरशांवर काम करणारा एक होतकरू मुलगा सापडला आहे म्हणतात. धाकटा अजूनही ढग करतो, पण त्याच्या ढगापुढे आता लोक नाकाला रुमाल लावून उभे राहतात. सोळा माणसं अजून दवाखान्यात येतात, त्यातली बरीच सुधारतील. शिंपी गिऱ्हाइकाचं माप घेताना मध्येच खुर्चीत बसतो. ताईला भाऊ होता, आता नातं सांगण्यापुरता आहे. आणि आई, जी बाबा गेल्यावरही भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तीन मजले न थांबता चढायची, ती आता पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून उभी राहते, श्वास परत येईपर्यंत.